गुंड, बंगई आणि सागाची चौकट: विदर्भातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांची फेरी

या फेरीला जानेवारी सगळ्यात सोयीचा. दिवाळीच्या आवराआवरीत घराबाहेर पडलेलं सामान तोवर दुकानांत येऊन लागलेलं असतं आणि लाकूडही चांगलं वाळलेलं असतं. पावसाळ्यात फुगलेला सांधा घट्ट वाटतो, तोच एप्रिलच्या उन्हात उघडा पडतो. थंडीत मात्र चीर, फट, बाक जसा आहे तसा दिसतो.

सोबत टेप, छोटं लोहचुंबक, टॉर्च, दाभण आणि काळा कागद एवढं असलं की पुरे. त्याहून महत्त्वाची म्हणजे आपल्या घराची मापं. जिथे वस्तू ठेवायची त्या भिंतीची लांबी, जमिनीपासून स्लॅबची उंची, दाराची रुंदी आणि फ्लॅट असेल तर लिफ्टच्या आतली मापं कागदावर लिहून न्या. दुकानात सगळंच आवडतं. कोणती वस्तू घरात मावते ते हा कागदच सांगतो.

पहिला दिवस: भंडारा

नागपूरहून साधारण ६० किलोमीटर. सकाळी वाटेत तर्री-पोहे खाऊन निघालं की दुकानं उघडायच्या वेळेला पोचता येतं. भंडारा पितळी भांड्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. इथे ‘अँटिक’ अशी पाटी शोधू नका. भांड्यांच्या दुकानात जायचं आणि मोड कुठे ठेवता ते विचारायचं. लोक जुनी भांडी वजनावर मोडीत देतात आणि त्यावर स्टील किंवा नवं पितळ घेऊन जातात. ती मोड भट्टीत जाण्याआधी काही दिवस मागच्या खोलीत पडून असते, आणि आपलं काम त्या खोलीत असतं.

एका दुकानातल्या काकाजींनी टॉर्च आमच्याच हातात देऊन आत पाठवलं. ढिगात गुंड (पाणी भरायचे मोठे घडे) होते, कोपर (पराती) होते, गंज (उभी पातेली), घंगाळी, दोन तांब्याचे बंब, पानदानं आणि धान्याची मापं. प्रत्येक भांडं आधी उलटं करायचं, कारण खरी माहिती बुडाशी आणि सांध्यात असते. ठोकून घडवलेल्या भांड्यावर हातोडीचे बारीक, कमीजास्त अंतरावरचे ठोके दिसतात. नव्या भांड्याला जुनं रूप देण्यासाठी यंत्राने पाडलेले ठोके एकसारखे, रांगेत असतात. जुन्या गुंडाचे भाग वेगवेगळे घडवून झाळलेले, म्हणजे धातू वितळवून सांधलेले असतात. जोडाची रेघ, कधी कधी दातेरी, बोट फिरवल्यावर लागते. अशी रेघ हा दोष समजू नये, पण ती पाणी धरते का ते दुकानातच पाणी भरून पाहावं. झाळ सुटलेली असेल तर बाहेरून एक हिरवट ओळ दिसते.

लोहचुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा. नाही चिकटलं म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवरही पिवळा रंग चढवतात. तो वजनात कळतो. कासं ओळखायला भांडं तळहातावर मोकळं धरून बोटाच्या पेराने टिचकी मारायची. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कास्याचा नाद लांबतो, पितळेचा लवकर बसतो. मात्र कासं ठिसूळ असतं. नाद फुटका आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे असं समजा आणि ती वस्तू सोडा, कारण कास्याची चीर साधी झाळून नीट होत नाही.

वय ओळखायची विदर्भाची स्वतःची अशी एक खूण आहे. भांड्यांवर, पत्र्याच्या पेट्यांवर, दुकानांच्या एनॅमल पाट्यांवर नाव आणि गाव घातलेलं असतं, आणि हा प्रदेश विसाव्या शतकात राज्यं बदलत गेला. ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्यप्रांत आणि वऱ्हाड) असेल तर वस्तू १९५० च्या आधीची. ‘मध्यप्रदेश’ असेल तर १९५० ते १९५६ मधली, तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होती. ‘मुंबई राज्य’ म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ नंतरची, आणि ‘महाराष्ट्र’ म्हणजे १ मे १९६० नंतरची. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ च्या आधीची असूच शकत नाही. मापांवर शेर, अच्छेर, पायली असेल तर ती मेट्रिक मापं रुळायच्या आधीची धरावीत. त्यासाठीचा कायदा १९५६ मध्ये झाला. दुकानदाराने ‘शंभर वर्षांचं आहे’ म्हटलं की वाद न घालता अक्षरं वाचायची.

भावाचं गणित सरळ आहे. आधी त्या दिवसाचा मोडीचा भाव विचारा, मग भांडं तोलून घ्या. साध्या गुंडाला मोडीच्या दीडपट, चांगल्या घडणीच्या घंगाळाला किंवा पानदानाला दुपटीपर्यंत देणं रास्त आहे. ठोकणाऱ्या हाताची मजुरी त्यात धरली तर हे महाग नाही. पोचे आलेलं भांडं सोडू नका, पोचा तांबट काढून देतो. बूड पातळ झालेलं मात्र सोडा: अंगठ्याने दाबल्यावर ‘टक’ असा आवाज येऊन बूड आतबाहेर झालं तर तिथे पत्रा झिजलेला आहे.

“कायले एवढं घासता जी? लग्नातलं भांडं हाय, त्याचं नाव तर राहू द्या,” काकाजी एका गिऱ्हाइकाला सांगत होते, आणि ते अगदी खरं आहे. ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव बफिंगच्या चाकावर एकदा धरलं की कायमचं पुसट होतं. त्याऐवजी एक लिटर गरम पाण्यात मूठभर चिंच आणि चमचाभर मीठ कालवून भांडं वीस मिनिटं बुडवा, नारळाच्या शेंडीने घासा, साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि लगेच कोरडं करा. ओलं राहिलं तर तासाभरात लाल डाग पडतात. शोभेच्या भांड्याला मग मधमाशांच्या मेणाचा पातळ हात द्या. चमक जास्त दिवस टिकते. कोनाकोपऱ्यातली काळसर छटा राहू द्यावी, घडण तिच्यामुळे उठून दिसते.

घरात मांडताना एक चूक सर्रास दिसते: घंगाळात थेट माती भरून झाड लावतात. शेणखतातून आणि युरियातून सुटणारा अमोनिया पितळेला तडे पाडतो. ठोकून घडवलेल्या पत्र्यात ताण अडकलेला असतो, त्यामुळे तो आधी तडकतो. झाड हवंच असेल तर आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवा, खाली विटेचा तुकडा द्या आणि साचलेलं पाणी काढत जा. घंगाळ खरं शोभतं ते दाराशी, पाणी आणि चार फुलं घालून. गुंडाचा टेबललॅम्प करायचा तर त्याला भोक पाडू नका. तोंडावर बसेल अशी लाकडी चकती कातून घ्या, होल्डर तिच्यावर बसवा आणि वायर चकतीच्या कडेच्या खाचेतून बाहेर काढा. धातूच्या भांड्याला तीन तारांची वायर लागते, आणि अर्थिंगची तार भांड्याच्या अंगाला पक्की जोडलेली हवी. पिवळसर उजेडाचा पाच वॉटचा एलईडी पुरतो.

दुपारी एका खानावळीत लाखोळीच्या डाळीचे वडे आणि वाफाळता भात मिळाला. वाढणाऱ्या मावशींनी मागितल्याशिवाय तिसरा वडा ताटात टाकला.

दुसरा दिवस: आंधळगाव आणि पवनी

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव टसरच्या विणकामाचं गाव. करवती काठ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेला काठ, ही या भागाची ओळख. अंग एका रंगाचं आणि काठ दुसऱ्या रंगाचा, आणि दोन्ही विणतानाच एकमेकांत गुंतवलेले. नीट पाहायचं तर काठ उजेडाकडे धरून दोन्ही बाजू तपासा. विणलेले दाते उलट बाजूलाही तितकेच स्पष्ट असतात, छापलेल्या काठाची उलट बाजू फिकी असते.

जुन्या पातळांचा पदर फाटलेला असतो, पण काठ धड असतो. असा काठ टेबलावर रनर म्हणून टाकू नका. रोजच्या हाताळण्यात टसरचा धागा घडीवर तुटतो. तो चौकटीत लावा. सुती कापड ताणून बसवलेल्या पाटीवर काठ बारीक सुईने, दर इंचाला एक सैल टाका घालून शिवायचा. डिंक किंवा दोन्हीकडे चिकटणारी टेप वापरायची नाही, काही वर्षांत तिथे पिवळा पट्टा उमटतो. काच आणि कापडात बोटाच्या पेराएवढं अंतर हवं, आणि चौकट अशा भिंतीवर हवी जिथे थेट ऊन येत नाही.

पवनीला दुपार झाली. वैनगंगेच्या काठचं हे फार जुनं गाव आहे. १९६९-७० च्या उत्खननात इथे बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. अशा गावात फिरताना कुणी ना कुणी कोरीव दगड, मातीची मूर्ती, जुनी नाणी दाखवायला आणतंच. त्यांना हातही लावू नये. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, नाणं, चित्र पुरावशेषात मोडतं. हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. जमिनीतून निघालेल्या ठेव्यासाठी तर १८७८ पासूनचा वेगळा कायदा आहे आणि तो ठेवा सरकारला कळवावा लागतो. हीच गोष्ट वाघाच्या कातड्याची, सांबराच्या शिंगांची आणि हस्तिदंताची. जंगलाजवळच्या गावांत ‘आजोबांच्या वेळचं’ म्हणून भिंतीवरची शिंगं विकायला काढतात. वन्यजीव कायद्यात आजोबांची सवलत नाही. सजावटीसाठी पितळ, लाकूड, कापड, काच यांत इतकं काही पडलं आहे की या वाटेला जायची गरजच नाही.

संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर थंडी चांगलीच बोचू लागली. पवनीच्या जुन्या तटबंदीच्या दरवाजाकडे पाहताना एक लक्षात घ्यावं: दगडी महिरपीखालच्या उघड्या जागेला किती वाव दिलेला आहे. घरात जुनी वस्तू मांडताना तिच्या चारी बाजूंना मोकळी भिंत ठेवायची असते ती याचसाठी.

तिसरा दिवस: सिंदी रेल्वे, सेवाग्राम

तान्हा पोळा हा लहान मुलांचा पोळा, लाकडी बैलांचा. विदर्भात तो मोठ्या हौसेने होतो आणि वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीत तर मोठमोठे नंदी सजवून आणतात. घरोघरी दोन-तीन पिढ्यांचे बैल असतात. मुलं मोठी झाली की त्यातले काही सुताराकडे किंवा भंगारात जातात. विदर्भातल्या घराच्या दिवाणखान्यात राजस्थानी घोडा कशासाठी हवा? हा बैल इथल्या मातीतला आहे आणि कोनाड्यात, पुस्तकांच्या कपाटावर, दाराजवळच्या बाकावर कुठेही शोभतो.

इथल्या एका सुतारभाऊंनी जुना आणि ‘जुना केलेला’ असे दोन बैल शेजारी ठेवून दाखवले. खरोखर ओढलेल्या बैलाची चाकं पूर्ण गोल राहत नाहीत, एका बाजूला चपटी होतात. आसाचं भोक लांबोळं झिजतं. दोरीची कडी जिथे बसवलेली असते तिथलं लाकूड गुळगुळीत आणि काळपट असतं. बनावट बैलावर झीज सगळीकडे सारखी असते, कारण ती सॅंडपेपरने आणि बूटपॉलिशने केलेली असते. पोटाखाली पाहा: तिथे कुणी खोटी झीज करत नाही. शिंगं बहुधा वेगळी करून खोबणीत ठोकलेली असतात, म्हणून एखादं शिंग नवं असलं तर बैल सोडू नका, भावात कमी करून घ्या.

रंगाचे थर मात्र जपून हाताळा. दरवर्षी पोळ्याला नवा हात द्यायची पद्धत असल्याने एकावर एक थर चढलेले असतात आणि जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं. कोरड्या सॅंडपेपरने घासलं की ती धूळ श्वासात जाते. घासायचंच असेल तर पाणी लावून, वॉटरपेपरने, आणि लहान मुलांपासून लांब. बहुतेक बैलांना घासायची गरज नसते. ओल्या फडक्याने पुसा, सुटलेल्या खपल्यांच्या कडा पातळ फेव्हिकॉलने बसवा आणि वर मॅट वॉर्निशचा एक हात द्या.

घुण लागला आहे का ते पाहायला बैल काळ्या कागदावर ठेवून बोटाने ठोका. पिवळसर भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. नुसती भोकं असतील आणि भुकटी नसेल तर जुनी. जिवंत किडीला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड: एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स, ४० ग्रॅम बोरिक ॲसिड. हे द्रावण न रंगवलेल्या भागावर, पोटाखाली आणि पायांच्या तळव्यांना ब्रशने दोनदा लावा, भोकांत सिरिंजने सोडा. मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा आणि पुन्हा काळा कागद. घरातल्या इतर लाकडाजवळ तोवर न्यायचं नाही.

सेवाग्रामला विकत घेण्यासारखं काही पाहायला जायचं नसतं, पण घर सजवणाऱ्याने बापूकुटीत अर्धा तास बसावं. मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेनने मातीतच उठवलेली ताडाची झाडं आहेत, भिंतीतच कोरलेल्या फळ्या आहेत, चटई आणि बैठं मेज. भिंतीपेक्षा वेगळा रंग नाही, चौकट नाही. उजेड तिरपा पडला की नक्षी दिसते. पितळेचं एखादं भांडं जिवंत दिसायला मागची भिंत कशी हवी ते इथे कळतं: चुन्याची किंवा मातकट, चमक नसलेली. चकचकीत प्लॅस्टिक पेंटसमोर पितळ हरवतं.

वर्ध्यात गोरसपाक घेतला, पुढच्या रस्त्यात तो पुरला.

चौथा दिवस: अचलपूर आणि परतवाडा

अमरावती सोडली की संत्र्याचे बाग लागतात आणि समोर मेळघाटच्या डोंगरांची निळी कड. अचलपूर एकेकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी, आणि शेजारचं परतवाडा इंग्रजी छावणीतून वाढलेलं, मेळघाटच्या सागाचा जुना बाजार. पडलेल्या वाड्यांच्या चौकटी, खांब, तुळया आरागिरण्यांच्या मागे रचून ठेवलेल्या असतात. या फेरीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

जुना साग घनफुटावर विकतात. कोरडा साग घनफुटाला साधारण १८ किलो भरतो. फार हलका लागला तर आत पोकळ आहे. दाभण कोरीव बाजूला न टोचता मागच्या बाजूला, तळाशी आणि बिजागरीच्या खाचेत टोचायचं, कारण वाळवी जमिनीकडून आणि ओलीकडून येते. दाभण अर्धा इंच सहज गेलं तर तो भाग कापावा लागेल. कापलेल्या टोकाचा ताजा वास घ्या, सागाला चामड्यासारखा तेलकट वास असतो. हाताने घडवलेल्या जुन्या कामात खिळे चौकोनी, घडवलेले असतात आणि फळीच्या मागे रंध्याच्या लाटा बोटाला लागतात. गोल आऱ्याच्या कमानदार खुणा आणि चार खाचांचे स्क्रू दिसले की ते काम अलीकडचं.

जुनी दारं बुटकी असतात, पाच ते साडेपाच फूट. आजच्या घरात दार म्हणून बसवायला वर पट्टी भरावी लागते आणि ते कधीच नीट दिसत नाही. त्यापेक्षा त्याचं मेज करावं. साडेपाच बाय अडीच फुटांचं दीड इंची दार ३० किलोंच्या वर जातं, त्यावर ८ मिलिमीटरची टफन्ड काच आणखी २५ किलो. म्हणून पाय सागाचेच किंवा दीड इंची चौकोनी लोखंडी पाइपचे हवेत, आणि कडी-कोयंडा काढायचा नाही. काचेखाली कोपऱ्यात रबरी चकत्या देऊन काच उचलून घ्यायची. जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरतात, पण त्याने साग काळा पडतो आणि सांधे सुटतात. पेंट रिमूव्हर लावून लाकडी पट्टीने खरवडणं संथ असलं तरी बरोबर आहे.

पॉलिशला जवसाचं तेल, विदर्भात ते मिळायला कठीण नाही. पण घाण्याचं कच्चं तेल वाळायला दिवसच्या दिवस लागतात आणि धूळ धरतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल घ्या. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, वीस मिनिटांनी जादाचं पुसून काढायचं, एक दिवस थांबून नुसत्या तेलाचे दोन पातळ हात. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

एका दुकानात बंगई, म्हणजे घरातला झोपाळा होता, सहा बाय दोन फुटांची एकसंध फळी. पितळी कड्यांवर हत्ती-घोडे होते, पण हलवून पाहिल्यावर कळलं की कड्या नव्या ओतीव होत्या आणि फळी जुनी. मिस्त्रींनी विचारायच्या आधीच सांगितलं, “कड्या बाहेरून आल्या जी, फळीचेच पैसे जुन्याचे लावतो.” असा माणूस भेटला की बाकीची खरेदीही तिथेच करावी. बंगई टांगायला फॉल्स सीलिंगचा आधार चालत नाही. स्लॅबमधून आरपार जाणारे बोल्ट आणि वरून प्लेट, किंवा बांधतानाच तुळईत सोडलेले १६ मिलिमीटरचे हूक. मागच्या भिंतीपासून तीन फूट मोकळे ठेवा, नाहीतर झोका घेता येत नाही आणि बंगई कपडे टाकायची जागा होते.

‘शकुंतले’चे, म्हणजे इथल्या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीचे म्हणून रेल्वेचे कंदीलही इथे दाखवतात. शिक्का ‘जी. आय. पी.’चा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा) असेल तर तो १९५१ च्या आधीचा असायला हवा, कारण त्या वर्षी मध्य रेल्वे झाली. पण शिक्क्याची पट्टी चकचकीत, रिवेट नवे आणि काजळी फक्त बाहेरून असेल तर तो परवा बनलेला आहे. खऱ्या कंदिलाच्या धुराड्याच्या आत काजळी असते.

दुपारी आरागिरणीच्या शेजारीच पाटवडी-रस्सा आणि भाकर. रस्सा इतका झणझणीत की मिस्त्रींनी संत्री सोलून पुढे केली.

माल घरी नेण्याबद्दल: पक्की पावती घ्या आणि तिच्यावर ‘जुने वापरलेले सागवान’ असं वर्णन, मापं आणि नगसंख्या लिहून घ्या. मोठा माल असेल तर वनविभागाच्या वाहतूक परवान्याची चौकशी दुकानदाराकडूनच करून घ्यावी, त्यांना ती रोजची आहे. चौकटीचे चारही कोपरे गोणपाटाने बांधा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांना तिरपी पट्टी ठोका, नाहीतर टेम्पोत चौकट चौरसपणा सोडते. मुंबई किंवा कोकणात नेत असाल तर विदर्भात वाळलेलं लाकूड दमट हवेत फुगतं. बसवायच्या आधी ते तीन-चार आठवडे त्याच खोलीत आडवं ठेवा आणि दाराभोवती तीन मिलिमीटर फट सोडा.